लांब शब्दांची तक्तीअ

उर्दू माध्यमाच्या आम्हां शिक्षकांना इंग्रजीच्या तासाला हे नेहमी दिसते. मूल ‘बुक’, ‘टेबल’ धडाधड वाचते आणि ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ आली की थांबते. वर्गात हशा होतो. मुली तर आवाजच गिळून टाकतात. दहावीनंतर सायन्सला जायचे तर पुस्तके इंग्रजी. मग प्रश्न उच्चारापुरता राहत नाही, पुढची तालीमच तिथे अडते.

बी.एड.ला शिकलो होतो की शब्द फोडावा. पण फोडायचा कुठे? हिज्जे मोजून नव्हे, स्वरांचे आवाज मोजून. ‘वेन्सडे’ लिहिताना नऊ अक्षरे लागतात, कानाला तुकडे दोनच. आमच्या मुलांना यात नवल वाटायचे कारण नाही. ‘ख्वाब’ लिहिताना वाव येतो, पण शेराची तक्तीअ करताना तो मोजत नाहीत, नून-गुन्नाही नाही. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील बिन अहमद यांनी अरूज बांधले, तेही कानाच्याच हिशेबाने. बैतबाजीत शेर तोलणारी मुलगी रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी सहा टाळ्यांत पार करते. मात्र ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ केले की दोनाच्या तीन टाळ्या होतात. ते टाळ्यांनीच पकडता येते, रागावावे लागत नाही.

खरी अडचण जोराची. उर्दू काय, मराठी काय, आपल्या वृत्तांत वजन ऱ्हस्व-दीर्घाचे. इंग्रजी एका तुकड्यावर जोर देते आणि शेजारचे तुकडे दाबून टाकते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की स्वरही बदलतात. हा सरळसरळ जुलूम आहे, असे आमचे मत. तरी थोडा आधार आहे: शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आले की जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. म्हणून एज्युकेशनमध्ये ‘के’, युनिव्हर्सिटीत ‘व्हर’, आणि त्या रिस्पॉन्सिबिलिटीत ‘बि’. ‘पॉलिटिक्स’ हा नियम पाळत नाही. तिथे जोर ‘पॉ’वर.

बाकीच्यांसाठी डिक्शनरी. तिच्यात जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. आमच्या मुली तिला ‘खडी जबर’ म्हणतात. ही जबर हर्फाच्या डोक्यावर बसत नाही, तुकड्याच्या आधी उभी राहते, एवढे मात्र दरवर्षी नव्या वर्गाला सांगावे लागते.