आडात पाणी येतं कुठून?

‘या वीकेंडला कर्जतला चाललेय,’ असं ऑफिसात सांगून बघा. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठलं रिसॉर्ट?’ अहो, ते कर्जत वेगळं! लोकल जाते ते रायगडातलं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. मी म्हणतेय ते कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं. (२०२४ मध्ये अहमदनगरचं नाव बदललं, पण बोलण्यात अजून ‘नगर’च.) इथे सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही मूड असेल तर.

पुण्याहून सोलापूर रोड धरायचा. भिगवणला फ्लेमिंगोवाल्यांची गर्दी लागली की डावीकडे वळायचं. भीमेवरचा पूल ओलांडला की कर्जत तालुका सुरू. उजनीचं बॅकवॉटर, काठाने ऊस, सगळं हिरवंगार. दुष्काळी तालुका तो हाच का, असा प्रश्न पडतो. मग राशीन मागे पडतं आणि रंग बदलायला लागतो. मुरूम, बाभळी आणि शेताशेतांत विहिरी.

आपल्याला विहीर म्हणजे दगडी गोल खड्डा. इथे जरा थांबून बघा, ते चक्क एक मशीन होतं. काठावर दगडी खांब, त्यावर चाक, खाली सोडलेली चामड्याची मोट. बैल ज्या उतारावरून ती ओढत, ती धाव. वर आलेली मोट जिथे रिकामी व्हायची, ते थारोळं आणि तिथून निघणारा पाट. बैल दमले की उपसा बंद! तेवढ्या वेळात झऱ्यांनी विहीर पुन्हा भरायची. पाण्याच्या वापराला बैलांच्या दमाचं लिमिट होतं. पुढे ऑइल इंजिन आलं, विजेची मोटर आली आणि मोटर काही दमत नाही.

इथली जमीन बेसाल्टची. वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, पाऊस मुरतो आणि जुन्या विहिरी त्याच थरावर जगतात. खालच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते फक्त भेगांमध्ये. वरचा थर आटला म्हणून १९७२ च्या दुष्काळानंतर जिकडेतिकडे बोअर खाली खाली जात राहिले. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला. कागदावर छान आहे.

मला विहीर खऱ्या अर्थाने कळली ती २०१९ च्या मे महिन्यात. मास कॉमच्या असाइनमेंटसाठी याच भागातल्या चारा छावण्या कव्हर करायला आले होते. एका वस्तीवर टँकर आला, त्याचा पाइप सोडला थेट कोरड्या विहिरीत. धो धो पाणी आत. मग बायकांनी कडेने उभं राहून तेच पाणी दोरीने पुन्हा वर ओढलं! वस्तीवर एवढं पाणी साठवायला दुसरी टाकीच नव्हती. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,’ हे आपण शाळेत शिकलो. इथे आडातच वरून ओततात. आणि टँकर कुठे भरतात? बऱ्याचदा दुसऱ्या गावातल्या, सरकारने अधिग्रहित केलेल्या विहिरीवर. म्हणजे पाणी विहिरीतून विहिरीत जातं, मध्ये फक्त डिझेल जळतं.

गंमत म्हणजे डिझेलशिवाय पाणी आणण्यात हा जिल्हा एकेकाळी मास्टर होता. इथून पाऊण-शंभर किलोमीटरवर नगर शहर. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या उंच जागांवरून जमिनीखालच्या नहरींनी आणि खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं होतं, निव्वळ उतारावर. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग तर पाण्याच्या मधोमध उभा राहिला. लंडनला उतारावरून पाणी आणणारा ‘न्यू रिव्हर’ कालवा सुरू झाला १६१३ मध्ये. नगर त्याच्या आधीच पाणी पीत होतं! आज शहराला पाणी येतं मुळा धरणातून, पंपाने.

पण फार नॉस्टॅल्जिक होऊ नका. जुन्या विहिरींचा फोटो सुंदर येतो, मात्र त्या फोटोत सगळे मावत नव्हते. कुणी पाणी भरायचं आणि कुणी लांब उभं राहून ओंजळीत वाढून घ्यायचं, हे जात ठरवायची. सार्वजनिक विहिरी आणि पाणवठे सगळ्यांना खुले करा, असा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला झाला आणि तरी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावाच लागला. त्यामुळे ‘आमच्या वेळी पाणी सगळ्यांचं होतं’ हे वाक्य मी जरा जपूनच ऐकते.

अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी शेजारच्याच जामखेड तालुक्यात. देशभर घाट-विहिरी बांधणारी बाई जन्मली ती अशा पट्ट्यात, १७२५ साली. मला हा योगायोग वाटत नाही.

आणि विहिरी परत जिवंत होतात, हेही याच जिल्ह्यात दिसतं. हिवरे बाजारने डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले, शेतीसाठी बोअर बंद केले. दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरतात. कर्जतकरांचे डोळे मात्र कुकडीच्या आवर्तनाकडे. पार जुन्नरकडून येणारा हा कालवा, कर्जत त्याच्या शेपटाकडे. वरच्यांचं भागलं की पाणी इकडे पोचणार.

जायचं असेल तर पावसाळ्यानंतर नको, तेव्हा सगळंच गोड दिसतं. एप्रिलमध्ये जा, पहाटे निघा. राशीनला यमाईच्या देवळातल्या हलणाऱ्या दीपमाळा बघा. सिद्धटेकचा गणपती याच तालुक्यात. बाटल्या घरून भरून न्या. संध्याकाळी रेहेकुरीला काळवीट दिसतात. उन्हाळ्यात त्यांचे पाणवठेही टँकरनेच भरतात.