हार्पर्स फेरीची पानं

१६ ऑक्टोबर
१८५९ सालची आजचीच रात्र. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या केनेडी फार्मवरून गुलामगिरीविरुद्ध लढणारा जॉन ब्राऊन अठरा साथीदारांसह निघाला, पोटोमॅक ओलांडून व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीला पोचला आणि सरकारी शस्त्रागारात घुसला. गुलामांना शस्त्रं द्यायची आणि डोंगरांच्या आश्रयानं लढत राहायचं, हा बेत. इथे शिरलात तर बाहेर पडता येणार नाही, असं गुलामगिरीविरोधी नेता फ्रेडरिक डग्लसनं ऑगस्टमध्येच बजावलं होतं. ब्राऊननं ऐकलं नाही.
त्या रात्री या लोकांच्या गोळीला पहिला बळी पडला हेवर्ड शेफर्ड, रेल्वेत काम करणारा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय. ब्राऊनची थोरवी सांगताना हे नाव वगळणं अप्रामाणिकपणाचं आहे.

१७ ऑक्टोबर
आज डेंजरफिल्ड न्यूबीबद्दल वाचलं. तो स्वतः गुलामीतून सुटलेला, पण बायको हॅरिएट आणि मुलं व्हर्जिनियात मालकाच्या ताब्यात. मला विकायच्या आत सोडवून ने, अशी तिची पत्रांमधली विनवणी. चढाई करणाऱ्यांपैकी पहिला मारला गेला तो न्यूबीच. तिची पत्रं त्याच्याजवळ सापडली. गुलामगिरी म्हणजे काय, हे या पत्रांनी मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या ग्रंथानं कळलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर
ब्राऊनच्या आधीच्या आयुष्यातला कॅन्ससचा भाग वाचताना मन घट्ट करावं लागलं. गुलामी ठेवायची की नाही, हे १८५४ च्या कायद्यानं तिथल्या वसाहतवाल्यांवर सोपवलं आणि रक्तपात सुरू झाला. मे १८५६ मध्ये गुलामीच्या समर्थकांनी लॉरेन्स गाव लुटलं. काही दिवसांतच ब्राऊनच्या टोळीनं पॉटावाटोमी खाडीकाठच्या पाच जणांना रात्री घराबाहेर ओढून तलवारींनी मारलं. याचं समर्थन मी करणार नाही.
पण डिसेंबर १८५८ मध्ये याच माणसानं मिसूरीतून अकरा गुलामांना सोडवलं आणि भर हिवाळ्यात कॅनडाच्या वाटेला लावलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२ नोव्हेंबर
चढाई फसून पकडल्या गेलेल्या ब्राऊनला चार्ल्स टाऊनच्या न्यायालयानं १८५९ मध्ये आजच्याच दिवशी फाशी सुनावली. व्हर्जिनियाशी द्रोह, खून आणि गुलामांचं बंड हे आरोप. श्रीमंतांसाठी एवढं केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं, असं ब्राऊननं कोर्टात सांगितलं. माणसं विकणं कायदेशीर होतं, सोडवणं गुन्हा होता.

२ डिसेंबर
फाशीचा दिवस. या देशाचं पाप रक्ताशिवाय धुतलं जाणार नाही, असं तो लिहून गेला. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामी संपली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. तिथल्या गुलामीचं आणि इथल्या जातीच्या जाचाचं नातं त्यांनी पुण्यात बसून ओळखलं होतं.

१६ डिसेंबर
१८५९ मध्ये आजच्याच दिवशी ब्राऊनचे साथीदार शील्ड्स ग्रीन आणि जॉन कोपलंड फासावर गेले. त्यांची प्रेतंही घरच्यांना मिळाली नाहीत, वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनासाठी नेली गेली. दुसरा साथीदार लुईस लिअरी चढाईत लढताना जखमी होऊन मेला होता. ऑसबॉर्न अँडरसन निसटला आणि त्यानं १८६१ मध्ये या चढाईचा वृत्तांत लिहिला.
ब्राऊनचं नाव जगाला माहीत आहे. न्यूबी, लिअरी, ग्रीन, कोपलंड, अँडरसन हे पाच कृष्णवर्णीय त्याच्या मागे ओढले गेले नव्हते, स्वतःच्या माणसांसाठी आपण होऊन लढले होते. ब्राऊनचा इतिहास मुलांना सांगाल तेव्हा ही पाच नावं त्याच्या बरोबरीनं सांगा.