क्लब कुणाचा?

मॉरिशस म्हटलं की आपल्याला समुद्र आणि तिथली मराठी माणसं आठवतात. मला मात्र स्काउट्स क्लब आठवतो.

तिथे फुटबॉल क्लब समाजावर उभे होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स. फायर ब्रिगेडच्या मागे क्रिओल समाज. पुढे नावातून धर्म काढला, नुसतं 'कॅडेट्स' आणि 'स्काउट्स' उरलं. पण पाटी बदलली म्हणून गॅलरी थोडीच बदलते!

23 मे 1999. फायर ब्रिगेडने स्काउट्सला हरवलं आणि दंगल उसळली. राजधानी पोर्ट लुईत लामिकाल नावाचं जुगारघर पेटवलं गेलं. सात माणसं गेली, त्यात लहान मुलंही. त्यांचा त्या सामन्याशी काय संबंध?

लीग थांबवली गेली. पुन्हा सुरू झाली ती नव्या नियमाने: क्लब समाजाचा नाही, गावाचा. राजधानीच्या क्लबचं नाव झालं 'पोर्ट लुई 2000'. धर्म नाही, फक्त गाव आणि साल.

पण गॅलऱ्या ओस पडल्या. लोक घरी बसून टीव्हीवर इंग्लंडची लीग बघू लागले.

मी स्वतः घसा बसेपर्यंत ओरडणारा प्रेक्षक. म्हणून आधी वाटलं, सरकारने फुटबॉलच मारला. आता तसं वाटत नाही. रिकामी गॅलरी वीस वर्षांनीही भरता येते. त्या सात जणांचं काय?

फक्त एक सल राहते. आपला-परका केल्याशिवाय आपल्याला खेळावर प्रेमच करता येत नाही का?