बडनेऱ्याचें बांक

बडनेऱ्यास अमरावतीच्या गाडीची वाट पाहण्यांत आमचे किती तास गेले, याचा हिशेब आम्हीं गणिताचे प्राध्यापक असूनही ठेविला नाहीं. परवां तेथील बांकावर नऊ वेळां एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला: १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत चढण, तशीच उतरण; अंकांची बेरीज ८१, पुनः नवाचाच वर्ग! दहावा एक मांडून वर्ग करावा, तर हातचा येऊन डौल मोडतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांस अशा संख्या डोंबिवली स्थानकावर सुचल्या, आणि त्याच्या जुन्या नांवावरून त्यांनीं त्यांस ‘डेम्लो’ म्हटलें. फार वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें हीच गंमत दाखविली, तेव्हां ‘परीक्षेंत नाहीं’ म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. संख्या सतरा अंकी पाठ आहे. त्याचें नांव आठवत नाहीं.