चढावरची सायकल

सपाट रस्त्यावर सायकल आम्हांला घेऊन जाते. चढ लागला कीं आम्ही तिला घेऊन जातों. हा अधिकारांतला बदल इतका बेमालूम होतो कीं, पुष्कळांना तो रस्त्याचा गुण न वाटतां दुसऱ्याच कशाचा तरी दोष वाटतो. चाकांत हवा कमी असावी, ब्रेकचें रबर घासत असावें, रात्रीचें जेवण जड झालें असावें, अशा शंका मनांत येऊं लागतात. डोणजें ओलांडून सिंहगडाच्या पायथ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर मध्येंच उतरून चाकें दाबून पाहणारे सद्गृहस्थ आम्हीं अनेक पाहिले आहेत. चाकें टणक असतात. रस्ता वर जात असतो, एवढेंच.

चढ चढण्याची कांहीं विद्या असते काय, असा प्रश्न ओळखीची मंडळी आम्हांला वरचेवर विचारतात. मांड्यांत जोर असला म्हणजे झालें, असें एक पक्ष म्हणतो. सायकल महाग घेतली म्हणजे झालें, असें दुसरा. आमचें मत निराळें आहे, आणि तें समजण्यास थोडा हिशेब करणें जरूर आहे. माणूस व सायकल मिळून ८० किलो वजन धरलें, आणि गडाच्या चढाची उंची अदमासें ६०० मीटर धरली, तर तेवढें ओझें वर नेण्यास सुमारें ४ लाख ७० हजार ज्यूल इतकें काम पडतें. रस्ता सरळ असो कीं वळणांचा, सायकल लाखाची असो कीं जुन्या बाजारांतली, ह्या रकमेंत सूट नाहीं. पृथ्वी हा सावकार मोठा सचोटीचा आहे; तो एक पै जास्त घेत नाहीं आणि एक पै सोडीतही नाहीं. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, ह्या कर्जाचे हप्ते कसे पाडावयाचे. सव्वा तासांत फेडलें तर दर सेकंदाला १०५ ज्यूल द्यावे लागतात. पाऊण तासांत फेडण्याचा हट्ट धरला तर १७५. रस्त्याचें घर्षण आणि हवेचा अडथळा ह्यांची पट्टी वेगळी. शिवाय शरीर हें यंत्र असें खर्चिक कीं, खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम चौथा भाग तें चाकापर्यंत पोंचवितें. बाकीचे तीन भाग नुसता ताप होऊन बाहेर पडतात, आणि चढावर वारा लागण्याइतका वेग नसल्यामुळें तो ताप अंगावरच रेंगाळतो. घाट उजाडतां चढावा, हा जुन्या लोकांचा सल्ला ह्याच हिशेबांतून निघाला असावा. सायकल एक किलोनें हलकी केली तर ऐंशींतला एक भाग वांचतो, म्हणजे तासाभराच्या चढांत सुमारें ४५ सेकंद. तेवढ्यासाठीं हजारों रुपये मोजणाऱ्यांच्या पोटाकडे आमची दृष्टि जाते; पण तो विषय नाजूक आहे.

हप्ते पाडण्याचें पहिलें साधन म्हणजे गियर. साध्या काळ्या सायकलीला पुढें ४४ आणि मागें १८ दांते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्याला ती सुमारें ५.४ मीटर पुढें जाते. विसांत एक असा चढ असेल तर त्या एका फेऱ्यांत आपण सगळें ओझें २७ सेंटिमीटर वर उचलतों. पुढें व मागें दोन्हीकडे ३४ दांते असतील तर तोच फेरा सुमारें २.१ मीटरचा होतो, आणि उचल साडेदहा सेंटिमीटरची. पहिली उंच पायरी आहे. दुसरा उंबरठा आहे. वर पोंचण्यास उंबरठे अडीचपट लागतात हें खरें, पण गुडघ्यांना विचारून पाहिलें तर ते उंबरठ्यांच्या बाजूनेंच मत देतील. मिनिटाला साठ-सत्तर फेरे सहज होतील असा गियर घ्यावा. फेरे चाळिशीच्या खालीं आले म्हणजे पाय फिरत नसून रेटीत आहेत असें समजावें.

गियर घेणें हें दुबळ्याचें काम आहे, असें मानणारे आम्हांला पुण्यांत पुष्कळ भेटले. ही समजूत मोठी कुलीन आहे. फ्रान्समध्यें पॉल द विव्ही (१८५३-१९३०) नांवाचे एक गृहस्थ 'वेलोसिओ' ह्या टोपणनांवानें लिहीत. सेंत-एतिएन गांवाजवळच्या डोंगरांत त्यांनीं वर्षानुवर्षें निरनिराळे गियर लावून पाहिले आणि आपल्या मासिकांतून त्यांचा पुरस्कार केला. उलट, १९०३ सालीं टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज ह्यांना गियर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय वाटे; आणि चालत्या सायकलीची साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या कळीला त्या शर्यतींत १९३७ साल उजाडेपर्यंत परवानगी मिळाली नाहीं. आमची साठी उलटली असल्यामुळें देग्रांजसाहेबांचा आम्हांला राग येत नाहीं. त्यांच्याच मताप्रमाणें आम्ही गियरला पुरे पात्र आहों. ज्यांना एवढ्यानें समाधान वाटत नाहीं त्यांनीं बोरघाट पाहावा. १८६३ सालीं तेथून आगगाडी गेली तेव्हां तिच्या वांट्याला सदतिसांत एक इतकाच चढ आला, तरी गाड्यांना मागून जादा इंजिनें लावून वर ढकलण्याची वहिवाट पडली. सिंहगडाचा रस्ता सरासरीनें त्याच्या दुपटीहून अधिक उभा आहे. इंजिनाला ज्याची लाज वाटत नाहीं, ती आपल्याला कां वाटावी ?

बाकीच्या युक्त्या किरकोळ आहेत, पण त्यांवाचून चालत नाहीं. गियर चढ लागण्यापूर्वीं बदलावा. पायांचा सगळा भार साखळीवर असतांना बदलूं गेलें कीं ती करकरते, आणि क्वचित् उतरते. शक्यतों बसूनच चढावें. उभें राहिलें म्हणजे अंगाचें वजन पायडलावर पडून जोर मिळतो, परंतु तें वजन तोलून धरण्याचाही खर्च असतो आणि नाडी जलद होते; म्हणून उभें राहणें हें थोड्या उभ्या तुकड्यापुरतें, किंवा पाठ मोकळी करण्यापुरतें ठेवावें, आणि त्या वेळीं गियर एक घर जड करावा, म्हणजे पाय पोकळींत पडत नाहींत. हँडल घट्ट आवळणारे लोक चढ हातांनीं ओढूं पाहतात. हाताच्या मुठींत गेलेली शक्ति चाकांत कधींच येत नाहीं. वळणांचा मात्र एक खास नियम आहे. घाटांतल्या वळणाची आंतली कड उभी असते आणि बाहेरची सौम्य. आपण डावीकडून जाणारे. तेव्हां रस्ता डावीकडे वळला कीं उभी कड आपल्या वांट्याला येते, आणि उजवीकडे वळला कीं सौम्य. पाण्याचा घोट घ्यावयाचा तो उजव्या वळणावर. मोकळ्या रस्त्यावर दूधवाले नागमोडी चढतात. त्यानेंही चढ सौम्य होतो, पण आजच्या मोटारींच्या गर्दींत हा उपाय सांगण्याचें धैर्य आम्हांला होत नाहीं.

खरी परीक्षा पहिल्या किलोमीटरांत असते, कारण तेथें दम भरलेला असतो. मागून पंचविशींतली पोरें शीळ घालीत पुढें जातात, आणि आपल्यालाही जातां येईल असें क्षणभर वाटतें. जातां येतेंही. शरीरांत अशी एक शिल्लक असते कीं, ती श्वासाची वाट न पाहतां खर्चतां येते. पण ती थोडकी, आणि वेग उतरल्याखेरीज पुन्हां भरत नाहीं. ती पायथ्याशींच उडविली तर निम्म्या वाटेवर हातपाय शिशाचे होतात. शिळेचा आवाज वरच्या दुसऱ्या वळणावर पुष्कळदां बंद पडलेला असतो.

आमच्या ह्या सगळ्या विद्येला दोन वर्षांपूर्वीं एक नवें कलम जोडलें गेलें. आमचे एक स्नेही गेलीं पंचवीस वर्षें रविवारीं गडावर आमच्याबरोबर येत आहेत. वयानें ते आमच्याहून चार वर्षांनीं मोठे, आणि चढाला नेहमीं शंभर पावलें पुढें. त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनींत अडथळा निघाला. ती मोकळी करून आंत जाळीची नळी बसविण्यांत आली. पुढें कांहीं महिन्यांनीं डॉक्टरांनीं तपासण्या करून सायकलीची, आणि अखेर चढाचीही, परवानगी दिली. घरची परवानगी मिळणें त्याहून कठीण होतें. पहिल्या रविवारीं आम्ही त्यांना आणावयास गेलों तेव्हां वहिनी दारांतच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना बोलतं ठेवा. बोलायचे थांबले कीं तुम्हीही थांबा." डॉक्टरांनीं नाडीचा एक आंकडा ठरवून दिला आहे, आणि तो दाखविणारें घड्याळही त्यांच्या मनगटावर असतें, परंतु वहिनींची कसोटी आम्हांला अधिक सूक्ष्म वाटते. मनुष्य पुरें वाक्य एका दमांत बोलूं शकतो तोंवर त्याचा हप्ता त्याला झेपतो आहे. वाक्य मध्यें तुटूं लागलें, क्रियापदाची वाट पाहावी लागली, कीं गियर एक घर खालीं. नुसतें 'हं' आलें कीं उतरावयाचें.

आणि आम्ही उतरतों. चौथ्या किलोमीटरच्या पुढचा उभा तुकडा आम्ही दोघेही सायकली हातांत धरून चालत जातों. हा चढ पूर्वीं ते उभ्यानें मारीत. पहिल्या खेपेस ते खालीं पाहून चालले, एक शब्द बोलले नाहींत, आणि आम्हांला घड्याळाकडे पाहावें कीं त्यांच्या तोंडाकडे, हें कळेना. नाडी ठीक होती. ते गप्प होते तें निराळ्या कारणानें. आम्हीं मग विजेच्या सायकलीचा विषय काढला. तो मार्ग हल्लीं मोकळा आहे आणि त्यांत कांहीं गैर नाहीं, हें आमचें प्रामाणिक मत आहे. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "तुम्ही घ्या. मी मागून येईन."

पूर्वीं गड चढतांना आमचें बोलणें होतच नसे. ते पुढें, आम्ही मागें. पंचवीस वर्षांत जेवढें ऐकलें नव्हतें तेवढें ह्या दोन वर्षांत आम्हीं ऐकलें आहे. सध्यां त्यांनीं आपल्या नोकरींतल्या पहिल्या बदलीची, कऱ्हाडाहून चिपळुणास गेल्याची हकीकत सांगावयास घेतली आहे. उभा तुकडा आला कीं ती थांबते, सौम्य वळणावर पुन्हां सुरू होते. तीन रविवार झाले, त्यांची ती एस्. टी. अजून कुंभार्ली घाटांतच आहे.