कुयलीचे बी आणि गोळीची वेळ

विडीच्या धंद्यात सारा हिशेब बोटांचा असतो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने आणि दिवसाला हजार विड्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो बायकांनी या हिशेबावर संसार केले, मुलांना शाळेत घातले. माझ्या आजीनेही चाळीस वर्षे हेच केले. म्हणून तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरू लागला, तेव्हा गल्लीत कोणालाच नवल वाटले नाही. "चाळीस वर्षं वळलंय बाई, हात थांबायचं विसरला," असे शेजारच्या मावशी म्हणाल्या.

गंमत अशी की, वैद्यकाच्या पुस्तकांतही या थरथरीला हातकामाचेच नाव आहे. पूर्वी औषध विकणारे लोक अंगठा आणि तर्जनी यांमध्ये गोळ्या वळत. तशी ही हालचाल दिसते म्हणून तिला 'गोळी वळणारा कंप' म्हणतात. ते पुस्तक सोलापुरात लिहिले गेले असते, तर नाव 'विडी वळणारा कंप' असे पडले असते! हा कंप हात स्वस्थ पडला असताना येतो आणि हात कामाला लावला की बराच कमी होतो. त्यामुळे आजी विड्या वळत राहिली आणि आजार आत वाढत राहिला. तिला तंबाखूचा वास येईनासा झाला होता. दारातली तिची रांगोळी वर्षागणिक लहान होत गेली होती. चालताना उजवा हात हलत नव्हता. या सर्वांचा एकमेकांशी संबंध आहे, हे आम्हाला सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितले. आजाराचे नाव पार्किन्सन, आपल्याकडचे कंपवात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 मध्ये सहा रुग्णांची हकीकत लिहून या आजाराचे वर्णन केले. आपल्या माधवनिदानात त्याच्या कितीतरी आधी 'वेपथु' या नावाने कंपाचा उल्लेख येतो. मेंदूच्या खोल भागात काही पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. शरीराच्या हालचाली सुरळीत ठेवण्यात त्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. त्या पेशी हळूहळू मरू लागल्या की हालचाल मंदावते, अंग ताठरते, हात थरथरतो. मेलेल्या पेशी परत आणणारे औषध अजून कोणाला सापडलेले नाही. लेव्होडोपाच्या गोळीने मेंदूला डोपामीनचा कच्चा माल मिळतो आणि माणूस पुन्हा हालता-चालता होतो.

आजीला ती गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात ती स्वतःच्या हाताने वेणी घालू लागली. पण आमच्यासारख्या घरात 'जन्मभर गोळी' हे शब्द फार जड पडतात. त्यात दर महिन्याचा खर्च आला, तालुक्याहून येणाऱ्या पाहुण्यांचे सल्ले आले. अशाच एका पाहुण्याने कुयलीच्या बियांचे चूर्ण आणून दिले. "झाडपाल्याचं आहे, अपाय काय व्हायचाय? त्या केमिकलच्या गोळ्या आधी बंद करा," असे त्यांनी सांगितले. थोरल्या काकांना ते पटले. चमचा चमचा चूर्ण दुधातून सुरू झाले आणि गोळ्या फळीवर गेल्या. पहिले दोन दिवस आजीला मळमळले. चौथ्या दिवशी तिला अंथरुणातून कूस बदलता येईना. घास तोंडात तसाच राहू लागला. रिक्षातून तिला पुन्हा दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की, ही गोळी एकदम थांबवली तर ताप चढून, अंग लाकडासारखे होऊन जिवावरही बेतू शकते. मग ते काकांना जे म्हणाले, त्याने मी चकित झाले. "तुम्ही दिलेलं चूर्ण खोटं नाही. त्यात हेच औषध आहे. किती आहे ते मात्र तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही."

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद वाचायचे काम माझ्याकडे होते. डॉक्टरांच्या या वाक्यानंतर तेवढ्यावर माझे समाधान होईना. मी कला शाखेची विद्यार्थिनी, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला सुटला. तरीही शोधत गेले आणि जे हाती लागले ते एखाद्या कादंबरीइतके रंजक होते.

लेव्होडोपा प्रथम हाती आला तोच मुळी शेंगेतून. 1913 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्कस गुग्गेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाकल्याच्या शेंगांतून तो वेगळा काढला. त्याने स्वतः अडीच ग्रॅम गिळून पाहिला आणि त्याला ओकाऱ्या झाल्या. आपल्या कुयलीच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या कपिकच्छूच्या, बियांतून हेच द्रव्य दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळे काढले, ते 1937 मध्ये मद्रासला. कुंपणावर चढणारा हा वेल. त्याच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो, म्हणून खेड्यात तिला खाजकुयली म्हणतात. वैद्य तिचे बी गाईच्या दुधात शिजवून, साल काढून मगच वापरतात. 1961 मध्ये व्हिएन्नात लेव्होडोपा प्रथम रुग्णांना टोचून दिला गेला. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तो पोटातून, अगदी थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत दिला, आणि तेव्हा कुठे त्याचे चीज झाले. द्रव्य जुनेच होते, यश मात्रेने दिले.

म्हणजे आमच्या घरात 'गोळी की झाडपाला' म्हणून जो वाद रंगला होता, तो एकाच वस्तूच्या दोन रूपांतला होता. फरक वजनाचा. बियांत शेकडा तीनपासून सहापर्यंत लेव्होडोपा असू शकतो. जात, माती, बी पिकण्याचा काळ, शिजवण्याची रीत यांप्रमाणे तो बदलतो. एका चमच्यात किती, हे कोण सांगणार? शिवाय नुसता लेव्होडोपा पोटात गेला की त्याचा बराचसा भाग मेंदूत पोचण्याआधीच खर्च होतो आणि त्यातून मळमळ होते. म्हणून गोळीत कार्बिडोपा नावाचे दुसरे द्रव्य घालतात. ते वाटेतली ही उधळपट्टी थांबवते आणि मग थोडक्या लेव्होडोपात काम भागते. चूर्णात हा पहारेकरी नसतो.

याचा अर्थ कुयली टाकाऊ आहे असा मुळीच नाही. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुयलीचा कंपवातावरचा अभ्यास 1978 मध्येच प्रसिद्ध केला होता. 1995 मध्ये 60 रुग्णांना 12 आठवडे तयार चूर्ण देऊन पाहिले गेले, आणि त्यांच्यात सुधारणा दिसली. लंडनमध्ये 2004 साली आठ रुग्णांवर चाचणी झाली. तीत 30 ग्रॅम चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि सुमारे 37 मिनिटे जास्त टिकला. मात्र 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोलिव्हियातल्या चाचणीत 14 रुग्णांपैकी सात जणांना चूर्ण मध्येच सोडावे लागले. चौघांना पोटाच्या त्रासाने आणि तिघांना हालचाली बिघडल्याने. ही चाचणी करणाऱ्यांची कळकळ मला फार मोलाची वाटते. ज्यांना गोळी परवडतच नाही अशा गरिबांना हे बी उपयोगी पडेल का, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न सोलापूरलाही परका नाही. पण त्यांनी चूर्ण तोलून दिले, रुग्ण तपासले, नोंदी ठेवल्या. आमच्या घरी फक्त चमचा होता.

मग आहाराला काही काम नाही का? आहे, आणि ते आमच्या स्वयंपाकघरातच निघाले. लेव्होडोपा हा प्रथिनांच्याच कुळातला. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना तो प्रथिनांबरोबर एकाच दारातून घुसू पाहतो. गर्दी झाली की मागे पडतो. आजी गोळी घ्यायची ती भाकरी, घट्ट डाळ आणि शेंगाचटणी यांच्याबरोबर, आणि "आज गोळी लागू पडली नाही" म्हणायची. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगितली. डाळ, दही, शेंगदाणे सोडायचे नाहीत, कारण या आजारात माणूस वाळत जातो. पण त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यायचा. या आजारात बद्धकोष्ठही फार छळते. त्यावर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भिजवलेले मूग आणि भरपूर पाणी यांचा चांगला उपयोग होतो. अन्नाने आजार बरा होत नाही, पण गोळीची वाट मोकळी होते.

आता आई चुलीपाशी भिंतीवर खडूने गोळीच्या वेळा लिहिते. आजीला अक्षर येत नाही, म्हणून अक्षराऐवजी घड्याळ काढते. रोज संध्याकाळी माझा हात धरून आजी गल्लीच्या टोकापर्यंत चालते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्ण आणि त्यांच्या घरचे एकत्र जमतात, एकमेकांना धीर देतात. आपल्या गावातही, कंपाला 'वय झालं' म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या आज्यांसाठी, असे काही व्हावे असे फार वाटते.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी असे चूर्ण, काढा, मुळी घेऊन येणार आहे. आणणाऱ्याच्या मनात मायाच असते, म्हणून त्याला हसू नये. निसर्गातले म्हणजे निरुपद्रवी, हा समज तेवढा सोडावा. कुयलीला गुण आहे म्हणूनच तिचा धाक हवा. ज्याच्या अंगी गुण असतो तेच अपायही करू शकते. तेव्हा त्या पाहुण्याला पाणी द्यावे, चहा द्यावा आणि शांतपणे विचारावे, "यात औषध किती? द्यायचे केव्हा? आणि आधीच्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारलंत का?" काकाही आता हेच विचारतात.