बिडाच्या गल्ल्यांचा नाद

पेन्सिल्व्हेनियातल्या अ‍ॅडम्सटाउनला दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. न्यू जर्सीहून तिथे पोचायचं तर भल्या पहाटे निघावं लागतं. पण बिडाच्या करामती गल्ल्यांचा नाद लागल्यापासून त्या पहाटेचं मला काही वाटत नाही.

माझा सगळ्यात लाडका गल्ला तिथेच मिळाला, ‘टॅमनी बँक’. खुर्चीत रेलून बसलेला ढेरपोट्या पुढारी. त्याच्या हातावर नाणं ठेवलं की नाण्याच्या भारानेच हात खाली जातो, नाणं कोटाच्या खिशात पडतं आणि साहेब मान डोलावतात. चावी नाही, कळ नाही; सगळी किमया तोलाची. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा सर्वेसर्वा विल्यम ट्वीड १८७३ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जॉन हॉलने या गल्ल्याचं पेटंट घेतलं. पोरांना बचत शिकवता शिकवता मोठ्यांना राजकारण दाखवणारं असं खेळणं मी दुसरं पाहिलेलं नाही. या हॉलनेच १८६९ मध्ये ‘हॉल्स एक्सेलसियर’ काढून बिडाच्या करामती गल्ल्यांची वाट मोकळी केली होती. दोन्ही गल्ले ओतले कनेटिकटमधल्या क्रॉमवेलच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने.

या छंदात डोळ्यांआधी बोटं तयार होतात. जुनं ओतकाम इतकं नितळ, की दोन भागांचा सांधा नखाला जेमतेम लागतो. नकली माल खरखरीत असतो, सांध्यात फट दिसते. शिवाय अस्सल गल्ल्यावरूनच साचा घेऊन नवा ओतला, तर निवताना बीड फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसतं आणि नक्कल लहान भरते. म्हणून मी अस्सल गल्ल्यांच्या तळांचे कागदी आराखडे बरोबर बाळगतो.

एकदा एका विक्रेत्याने मला १८८३ सालचा म्हणून गरुड आणि पिल्लांचा गल्ला दाखवला. कळ दाबली की गरुड वाकून चोचीतलं नाणं घरट्यात टाकतो, पिल्लं चोची उघडून वर येतात. फार देखणी कल्पना. मी तो आराखड्यावर ठेवला, तर चारी बाजूंनी रेघ उघडी राहिली. तळाला फुलीच्या खाचेचा स्क्रूही होता, जो १९३० च्या दशकाआधी बाजारात नव्हताच. मी तो परत ठेवला.

काळ्या माणसांची, चिनी मजुरांची टिंगल करणारे गल्लेही त्या काळी खूप निघाले. ते मी घेत नाही. त्यांची जागा मिशिगनमधल्या जिम क्रो संग्रहालयासारख्या ठिकाणी, खरा इतिहास सांगणाऱ्या पाटीशेजारी आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती. जुन्या घराच्या तळघरात असा गल्ला सापडला, तर तो घासू नका आणि रंगवू तर मुळीच नका. पोपडे उडालेला मूळ रंगच त्याची ओळख आणि किंमत असतो. मऊ ब्रशने धूळ झटका आणि जाणकाराला दाखवा.